सद्रासच्या खिंडारापाशी

बाबा गेले त्या दिवाळीनंतर मी आईला मिरजेहून माझ्याकडे चेन्नईला आणलं. सुनामी येऊन गेली त्याला तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. मी पेरुंगुडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होते आणि ऑफिसला चालत जाता येईल अशा एका इमारतीत भाड्याने राहत होते. चेन्नई म्हटल्यावर आईला वाटलं असेल, घरातून समुद्र दिसेल. माझ्या गॅलरीतून दिसायची ती दलदल, आणि दलदलीच्या पलीकडे शहराचा कचरा टाकायची जागा. तिथे कुठे ना कुठे आग धुमसत असायची. सकाळी दार उघडलं की पाण्यावर धुराचा पातळ थर पसरलेला असे आणि त्यात पाणपक्षी उभे असत. त्यांचे पाय दिसायचे नाहीत. कुणीतरी त्यांना अधांतरी ठेवून दिल्यासारखे वाटायचे.

आई तिथे उभी राहायची. मी ऑफिसला निघताना ती गॅलरीत असायची आणि संध्याकाळी परत यायचे तेव्हाही तिथेच. मधल्या वेळात तिने स्वयंपाक केलेला असे, कपड्यांच्या घड्या घातलेल्या असत, म्हणजे ती हललेली असणारच. पण तिच्याकडे पाहून तसं वाटायचं नाही. बाबांना शेवटची काही वर्षं कमी ऐकू यायचं, त्यामुळे आईला मोठ्याने बोलायची सवय लागली होती. आमच्या घरातलं बोलणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाई. ते गेल्यावर तिचा आवाज इतका बारीक झाला की काय म्हणाली ते कळायला मला वाकावं लागायचं. शेजारच्या बायका तमिळमध्ये चौकशी करत. ती हसून मान हलवायची आणि दार लावून घ्यायची.

फेब्रुवारीत आमच्या क्लायंट कंपनीच्या एक बाई कामासाठी आल्या. क्लायंट वेल्सचे. या बाई साठीच्या घरात आलेल्या, उंच, रापलेल्या चेहऱ्याच्या इंजिनियर होत्या. शनिवारी त्यांना फिरवून आणायचं काम माझ्या साहेबांनी माझ्यावर सोपवलं. मी म्हटलं, माझी आई आहे घरी, तिलाही घेऊन जाईन. बाई म्हणाल्या, मग तर फारच छान. गाडी नको, लोक जातात तशा टूरच्या बसने जाऊ. त्यांना ते मनापासून हवं होतं, कारण सुट्टीच्या दिवशी त्या स्वतः त्यांच्या गावाकडे हेच काम करायच्या. हौशी गाईड होत्या त्या.

एग्मोर स्टेशनसमोरच्या एका गल्लीतून एक खाजगी कंपनी शनिवार-रविवारी मिनी बस सोडायची. कोवलम, महाबलीपुरम, आणि शेवटी सद्रासचा जुना डच किल्ला. सकाळी आम्ही तिघी तिथे पोचलो. बसमध्ये आणखी चार-पाच कुटुंबं होती. मी आईला म्हटलं, "आई, तू खिडकीशी बस," तर पुढे उभा असलेला गाईड चटकन वळला. पन्नाशीचा, सडपातळ माणूस. कपाळावर गंधाची बारीक रेघ, डोक्यावर कंपनीची निळी टोपी.

"महाराष्ट्रांतले काय तुम्हीं?" त्याने विचारलं. "आम्हीं तंजावूरचे. घरांत मराठीच बोलतों."

तंजावरच्या मराठी लोकांबद्दल मी ऐकलं होतं, पण त्यांची भाषा कानावर पहिल्यांदाच पडत होती. शब्द आमचेच होते, पण चाल तमिळ, आणि क्रियापदं जुन्या बखरीत असतात तशी. मधेच 'बरं' म्हणायच्या जागी एखादं तमिळ 'सरी' यायचं. ऐकताना मला चमत्कारिक वाटलं. हा माणूस इथे समोर उभा आहे आणि त्याचा आवाज मात्र फार लांबून, फार जुन्या काळातून निघून आत्ता पोचतोय, असं काहीतरी. आईने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. त्या दिवशी तो माइकवर तमिळ आणि इंग्रजीत जे सांगायचा, ते प्रत्येक ठिकाणी आमच्या सीटपाशी येऊन 'अक्का' अशी हाक मारून आईला पुन्हा मराठीत सांगायचा.

बस ईस्ट कोस्ट रोडला लागली. वेल्सच्या बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी आपल्या टूरबद्दल सांगितलं. त्यांच्याकडेही अशीच मिनी बस असते. एक पडका किल्ला, पाटीच्या दगडाच्या बंद पडलेल्या खाणी, छप्पर नसलेला एक मठ, आणि शेवटी एक मोठं धरण. धरणाच्या पाण्याखाली एक खेडं आहे. घरं, शाळा, चर्च, सगळं पाण्यात गेलं. तिथे बस थांबवून त्या लोकांना सांगतात की वारा पडलेला असला तर पाण्याखालची घंटा ऐकू येते. मी विचारलं, तुम्ही ऐकली आहे का? त्या हसल्या. म्हणाल्या, चर्च पाडायच्या आधीच घंटा काढून दुसऱ्या गावी नेली होती, हे मला ठाऊक आहे. पण लोक बसमधून उतरून पाण्याकडे कान देऊन उभे राहतात तेव्हा कुणी एक शब्द बोलत नाही. ती शांतता मला आवडते, म्हणून सांगते.

कोवलमला आम्ही उतरलो. किनाऱ्यावर नावा ओळीने लावलेल्या होत्या आणि सगळ्या नव्या होत्या. एकाच रंगाच्या, एकाच आकाराच्या, एकीवरही ठिगळ नाही, ओरखडा नाही. सुनामीनंतर मदत म्हणून मिळालेल्या असणार. मासळीचा लिलाव संपला होता, बायका टोपल्या धूत होत्या. सगळं नेहमीसारखं होतं, तरी त्या रांगेकडे पाहून मला बरं वाटेना. इतक्या जुन्या गावात जुनं असं काहीच दिसत नव्हतं.

गाईड आमच्याकडे तोंड करून, समुद्राकडे पाठ करून माहिती देत होता. वेल्सच्या बाई हळूच म्हणाल्या, आमच्याकडेही नव्या गाईडला पहिलं हेच शिकवतात, देखाव्याकडे नाही, लोकांकडे बघून बोला. पण हे गृहस्थ फारच काटेकोर दिसतात. मग मीही पाहिलं. तो बसमधून उतरला तो समुद्राकडे पाठ करूनच, बाजूला सरकला तोही तसाच, आणि चढताना त्याने मान खाली घातली. महाबलीपुरमला समुद्रकाठच्या देवळाशीही तेच. लाटा त्याच्या मागे फुटत होत्या आणि तो हात मागे करून, न वळता, अंदाजाने त्या दाखवत होता.

तिथेच त्याने आईला सांगितलं, "समुद्र मागें सरला, अक्का. लाट येण्याआधीं. खालीं वाळू, वाळूंत दगड, दगडांवर कोरींव काम. कुणीं जन्मांत पाहिलें नव्हतें. लोक पाहावयास पुढें गेले."

"मागे सरला म्हणजे कुठे गेला?" आईने विचारलं. सकाळपासूनचं तिचं पहिलं वाक्य होतं ते.

"जेथें होता तेथेंच परत आला," तो म्हणाला, आणि पुढच्या माणसांकडे गेला.

जेवण आटोपून आम्ही सद्रासला पोचलो तेव्हा दुपार चढली होती. किल्ला रस्त्यावरून फारसा दिसत नाही. विटांची काळवंडलेली भिंत, दारापाशी दोन तोफा, आत गवत. डाव्या हाताला डच लोकांच्या थडग्यांचा चौथरा. समोर धान्याची कोठारं आणि त्यांच्या मागे दोन भिंतींमधून गेलेली एक अरुंद, बुटकी वाट. समुद्र अगदी जवळ आहे, पण भिंतींमुळे नजरेला पडत नाही. वारा पडला होता. तटावर कावळे बसले होते आणि एकही ओरडत नव्हता. बसमधली माणसं दारातून आत आली तशी आपोआप हळू बोलायला लागली.

गाईडने दाराच्या सावलीत उभं राहूनच सगळा इतिहास सांगितला. मग म्हणाला, आता तुम्ही पाहून या, मी इथेच आहे. मागच्या अंगाला तट पडून खिंडार झालंय, तिकडे मात्र जाऊ नका. लोक पांगले. वेल्सच्या बाई कॅमेरा घेऊन थडग्यांकडे गेल्या. आई कोठारांच्या दिशेने सावकाश चालत गेलेली मी पाहिली.

मी दारापाशीच थांबले. ऊन सहन होत नव्हतं आणि गाईडशी बोलावंसंही वाटत होतं. त्यानेच विषय काढला. अक्का फार उदास दिसतात, म्हणाला. मी बाबांचं सांगितलं. तो ऐकत होता. मधेच त्याने टोपी काढून घाम पुसला आणि पुन्हा घातली. तो तिथून कुठेही गेला नाही, माझ्यापासून हातभर अंतरावर होता, हे मी आजही शपथेवर सांगेन.

माणसं एकेक करून परत आली. वेल्सच्या बाई आल्या. आई आली नाही. मी इकडेतिकडे पाहायला लागले तेव्हा बाई सहज म्हणाल्या, "तुझी आई मागच्या वाटेत आहे. गाईड सोबत होता म्हणून मी थांबले नाही."

मी म्हटलं, गाईड तर इथे आहे.

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. जरा वेळ पाहतच राहिल्या. मग म्हणाल्या, "तेव्हा टोपी नव्हती."

मी धावलेच. मागून पावलं वाजली, तर गाईडही येत होता. अंगणाच्या मध्यावर तो अडखळला, तिथे जरा घुटमळला, आणि मग जवळजवळ माझ्या बरोबरीने कोठारांच्या मागे आला. त्या बुटक्या वाटेत शिरताना थंडगार लागलं. समुद्राचा आवाज तिथे प्रथमच स्पष्ट ऐकू आला, पण तो पुढून यायच्या ऐवजी मागून, आम्ही आलो त्या बाजूने येत होता. भिंतींमुळे तसं होत असेल. मी तेव्हा थांबून विचार केला नाही.

वाटेच्या शेवटी तट कोसळलेला होता. खिंडारातून पांढरं आभाळ आणि खाली चकाकणाऱ्या पाण्याची पट्टी. खिंडाराच्या अलीकडे एका पडलेल्या दगडावर आई बसली होती. समुद्राकडे पाठ होती तिची. लुगड्याच्या काठाला वाळू आणि गोखरू चिकटले होते. आम्हाला पाहून ती उठली आणि गाईडला म्हणाली, "तुम्ही एवढ्यात पलीकडून कसे आलात? आणि चपला घातल्यात ते बरं केलंत. दगड फार तापलेत हो, मला बघवत नव्हतं."

हे ती मोठ्याने बोलली. घरी बोलायची तशा, गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात. मला त्या आवाजाने रडू यायला लागलं, त्यामुळे ती काय म्हणाली हे कळायला क्षण गेला. गाईडच्या ते आधी लक्षात आलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"कोण होता, अक्का?" त्याने विचारलं.

आई गोंधळली. तुम्हीच की, म्हणाली. मग त्याच्याकडे नीट पाहून म्हणाली, तुमच्यासारखाच चेहरा. पण डोकं उघडं, केस थोडे जास्त पिकलेले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. अनवाणी. दोन्ही चपला एका हातात धरलेल्या.

गाईड त्या दगडावर बसला. वेल्सच्या बाई वाटेच्या तोंडाशी येऊन थांबल्या होत्या. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण त्या पुढे आल्या नाहीत.

मग त्याने सांगितलं. त्याचा थोरला भाऊ, ज्याला तो अण्णा म्हणायचा, याच कंपनीत गाईड होता. दोघं दिसायला इतके सारखे, की ड्रायव्हरसुद्धा फसायचे. सुनामीच्या दिवशी पाळी धाकट्याची होती. त्याला ताप भरला म्हणून अण्णा त्याच्याऐवजी बस घेऊन निघाला. गर्दी टाळायला उलट्या क्रमाने जायचं ठरवून त्याने सकाळीच सद्रास गाठलं. माणसं किल्ल्यात असताना समुद्र मागे सरला आणि त्यातली काहीजण खिंडारातून खाली वाळूवर धावली, उघडा पडलेला तळ पाहायला. अण्णाने चपला काढून हातात घेतल्या आणि त्यांच्या मागे पळाला. सगळ्यांना ओरडून, हाताला धरून, ढकलत परत पाठवलं. ती माणसं तटावर चढली, वाचली. ड्रायव्हरने पाहिलं ते एवढंच. अण्णा सर्वांच्या मागे होता. तो मिळाला नाही, आणि त्याच्या चपलाही मिळाल्या नाहीत.

तेव्हापासून गाईडने समुद्राकडे पाहिलं नव्हतं. या कामाशिवाय दुसरं काही येत नव्हतं म्हणून तो याच रस्त्याने दर आठवड्याला येत होता, आणि किल्ल्याच्या दाराच्या आत कधी पाऊल टाकत नव्हता.

हे सगळं त्याने तमिळ आणि मराठी मिसळून सांगितलं. आईला सगळं कळलं की नाही कोण जाणे, पण ती त्याच्याकडे एकटक पाहत होती. शेवटी त्याने हात जोडले.

"अक्का, कांहीं बोलला काय तो?"

आईने एकदा खिंडाराकडे पाहिलं. मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "म्हणाले, धाकटा घरी आहे ते बरं झालं."

गाईडने टोपी काढली आणि तोंडावर धरली. मग तो उठला, त्या खिंडारापाशी गेला आणि दोन्ही बाजूंच्या विटांना हात टेकून समुद्राकडे पाहत उभा राहिला. खूप वेळ. बसचा हॉर्न वाजला तरी तो हलला नाही. आम्हीही त्याला हाक मारली नाही.

परतीच्या प्रवासात तो माइकवर काही बोलला नाही. पुढे ड्रायव्हरशेजारी बसून होता आणि खिडकीबाहेर, समुद्राच्या बाजूला बघत होता. आईला झोप लागली. मी वेल्सच्या बाईंना अण्णाची हकीगत थोडक्यात सांगितली. त्या म्हणाल्या, मी मोजमापांवर जगणारी बाई आहे. वाटेत उजेड होता, अंतर फार नव्हतं, आणि मी दोन माणसं पाहिली. तो पुढे चालत होता आणि तुझी आई मागे. यापलीकडे मला काही म्हणायचं नाही. सोमवारी कँटीनमध्ये त्यांनी आपणहून पुन्हा विषय काढला. धरणापाशी ती घंटेची गोष्ट आता यापुढे सांगेन असं वाटत नाही, म्हणाल्या. आत्तापर्यंत ती खोटी आहे म्हणून बिनधास्त सांगत होते.

मला स्वतःला कित्येक रात्री त्या वाटेचं स्वप्न पडलं. दिवसा मी स्वतःची समजूत घालायचे. ऊन लागलं असेल, आईला गाईडचा चेहरा मनात राहिला असेल. बाईंनीही दुसऱ्या कुणाला पाहिलं असेल. पण अनवाणी पाय आणि हातातल्या चपला या आईला कुणी सांगितल्या, इथे येऊन मी अडायचे.

गाईड महिन्याभराने आमच्या घरी आला. बायको बरोबर होती, आणि डब्यात तिच्या हातची डाळीची आमटी. सांबाराच्या जवळची, पण आमच्या ओळखीची. मृतदेह मिळाला नाही म्हणून त्यांच्या घरात कुणाला अण्णाचे दिवस करायचा धीर होत नव्हता. केले तर तो गेला असं होईल, अशी सगळ्यांना भीती. ते आता त्यांनी केले होते. हे सांगायलाच तो आला होता. आई आणि त्याची बायको स्वयंपाकघरात गेल्या आणि अर्धं समजत, अर्धं न समजत तासभर बोलत बसल्या. त्या काळात आईचं गॅलरीत उभं राहणं कमी झालं होतं. खालच्या भाजीवाल्याशी ती मराठीतच घासाघीस करायची आणि तो तमिळमध्ये तिला उत्तरं द्यायचा. मला वाटलं, त्या सहलीने तिला माणसांत आणलं.

मे महिन्यात ती परत जायला निघाली. आदल्या दिवशी दुपारी आम्ही बॅग भरत होतो. पलंगावर साड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, "तुला एक सांगून ठेवते. त्या किल्ल्यात तो माणूस काही बोलला नव्हता."

मी घडी हातात घेऊन तशीच उभी राहिले. विचारलं, मग ते वाक्य?

"ते मी म्हटलं. थोरला भाऊ असता तर त्याने हेच म्हटलं असतं. त्या माणसाला तेवढं हवं होतं."

मग दिसला तेही खरं नाही का, असं मी विचारलं. ती म्हणाली, दिसला तर. तुझ्याएवढा स्पष्ट दिसला. आणि मग माझ्याकडे न बघता, काठ जुळवत, तिने उरलेलं सांगितलं.

ती कोठारांकडे गेली ती किल्ला बघायला गेलीच नव्हती. महाबलीपुरमला लाटा पाहिल्यापासून तिच्या डोक्यात एकच होतं. खिंडार आहे, पलीकडे पाणी आहे, लेक दाराशी बोलत उभी आहे. कुणाला कळायच्या आत होऊन जाईल. ती त्या बुटक्या वाटेत शिरली तेव्हा तो तिच्या पुढे चालत होता. तिला वाटलं, गाईड सोबतीला आलाय, आता हा जाईपर्यंत थांबावं लागणार. वाटेच्या टोकाशी तो खिंडारात जाऊन उभा राहिला. ती जवळ गेली. तो बाजूला झाला नाही. तिने डावीकडून जायला पाहिलं, तो डावीकडे सरकला. उजवीकडून पाहिलं, तो उजवीकडे. हात लावला नाही, रागावला नाही, तोंडातून शब्द काढला नाही. मोकळा हात आडवा करून फक्त उभा राहिला, गर्दीला थोपवून धरतात तसा. तिने म्हणे त्याला हळू आवाजात विनवलं, जाऊ द्या हो मला. त्याने मान हलवली आणि तिच्या मागच्या बाजूला, आत, आमच्याकडे बोट दाखवलं.

"मग मी त्या दगडावर बसले," आई म्हणाली. "त्याच्याकडे पाठ करून. मागे तो आहे हे कळत होतं मला. तुम्ही येईपर्यंत होता."

मी तिच्या शेजारी बसले. तिकीट रद्द करते, म्हटलं, तू इथेच राहा. ती म्हणाली, नको, आता तसं काही मनात येत नाही. घरी जायचंय मला. कुलूप लावलेलं घर फार दिवस बरं नाही. मी तिला पुन्हा पुन्हा विचारलं आणि तिने पुन्हा पुन्हा तेच सांगितलं. शेवटी मी रजा काढून तिच्याबरोबर मिरजेला गेले, पंधरवडाभर राहिले, आणि तिचा चेहरा निवळलेला पाहून परत आले.

ती बरी राहिली. देवळातल्या बायकांबरोबर भजनाला जायला लागली, भांडायलाही लागली. नंतर दोन-तीनदा माझ्याकडे चेन्नईला येऊन गेली. गाईडला मी तिने सांगितलेलं कधीच कळू दिलं नाही. त्याने पुढे ती बस सोडली आणि तंजावरला जाऊन राहिला. दर दिवाळीला त्याचा फोन यायचा. माझ्याशी दोन शब्द बोलून तो म्हणायचा, अक्कांस सांगावें, आम्हीं सारे बरे आहों.

चेन्नईच्या त्या फेऱ्यांमध्ये आईने समुद्र बघायला जायचं नाव काढलं नाही आणि मीही काढलं नाही. मात्र ती गॅलरीत उभी असली की मी कामातून मान वर करून बघायचे. आधी ती दिसते का ते बघायचे, आणि मग नकळत तिच्या पुढ्यात, कठड्यापाशी, आणखी कुणी आहे का ते. कुणी नसायचं. धूर असायचा आणि धुरात उभे पक्षी. तरी मी बघायचे थांबले नाही, कारण कुणी दिसलं असतं तर मला भीती वाटली नसती.